६४ किलो, पाच फूट पाच इंच: यात चरबी किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, उंची पाच फूट पाच इंच, वजन ६४ किलो, दिवसभर किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून काम. पॅन्ट ३४ ची, पण पोट जरा पुढे आलंय. मोबाइलच्या ॲपने उंची-वजनावरून चरबी २० टक्के सांगितली, तालुक्याच्या जिममधल्या इलेक्ट्रॉनिक काट्याने २७ टक्के. लहाना भाऊ, वय २९, पाच फूट सहा इंच, ७४ किलो, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हमाली करतो. त्याला ते ॲप ‘ओव्हरवेट’ म्हणतं आणि तुम्हाला ‘नॉर्मल’. आई ६२ वर्षांची, ४४ किलोची, अंगावर मांस नाही, तरी तिला साखर निघाली. मग खरं कोणाचं मानायचं, आणि उंची-वजनावरून चरबी काढायचं पक्कं सूत्र कोणतं?

पक्कं सूत्र नाही. सूत्रं आहेत, ती खाली देतो, पण आधी ती कुठे फसतात ते बघू. भाऊ जिनिंगमध्ये आहे, तर त्याच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. काट्यावर कापसाची गाडी चढली की काटा वजन सांगतो. त्यात रुई किती आणि सरकी किती हे काटा सांगत नाही. व्यापारी अनुभवावरून धरून चालतो की क्विंटलमागे ३३ ते ३५ किलो रुई उतरेल. शंभर गाड्यांच्या सरासरीला तो हिशेब जमतो. एखाद्या ओल्या गाडीला किंवा वेगळ्या वाणाला जमत नाही, आणि ते जिनिंग झाल्यावरच कळतं. उंची-वजनाचं सूत्र म्हणजे तो व्यापाऱ्याचा अंदाज. माणसाचं जिनिंग करता येत नाही, म्हणून अंदाजाला अंदाजच म्हणायचं आणि दुसऱ्या कशाने तरी तो पडताळायचा.

उंची-वजनाच्या हिशेबाला बीएमआय म्हणतात. मीटरमधली उंची तिनेच गुणायची आणि वजनाला त्या आकड्याने भागायचं. तुमची उंची १.६५ मीटर, १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२, ६४ भागिले २.७२ म्हणजे २३.५. हा हिशेब बेल्जियमच्या ॲडॉल्फ केत्ले यांनी १८३० च्या दशकात मांडला. ते खगोल आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक. मोठ्या माणसांत उंचीप्रमाणे वजन कसं वाढतं एवढंच त्यांना बघायचं होतं, चरबी मोजायची नव्हती. १९७२ साली अमेरिकेतले ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आजचं नाव दिलं, तेही लोकसमूहांची तुलना करायला सोपं माप म्हणून. एकट्या माणसाला कागद हातात देऊन ‘तुझी चरबी इतकी’ म्हणणं हे नंतरचं.

बीएमआयवरून चरबीची टक्केवारी काढण्याचं जे सूत्र सगळ्यात जास्त चालतं ते १९९१ सालचं, नेदरलँड्समधल्या पॉल ड्यूरेनबर्ग यांच्या गटाचं. बीएमआयला १.२० ने गुणा. वयाला ०.२३ ने गुणून त्यात मिळवा. पुरुष असेल तर १०.८ वजा करा, स्त्री असेल तर काही नाही. शेवटी दोघांतूनही ५.४ वजा करा. तुमचं करून बघू: २३.५ चे २८.२, वयाचे ७.८, झाले ३६, त्यातून १०.८ आणि ५.४ गेले, राहिले १९.८. ॲपचे २० इथूनच आले असावेत. ॲपने तुमच्या शरीरात काहीही बघितलेलं नाही. चार आकडे घेतले आणि गुणाकार केला.

या सूत्राला तीन खोडी आहेत.

पहिली, त्याची स्वतःची चूक. ज्यांच्यावर ते बसवलं त्यांच्यातच प्रमाणित चूक ४.१ टक्के निघाली होती. म्हणजे उत्तर २० आलं तर दर तिघांतल्या दोघांची खरी चरबी १६ ते २४ च्या मध्ये सापडेल, आणि तिसऱ्याची त्याच्याही बाहेर. १९.८ मधल्या त्या ‘पॉइंट आठ’ला काही अर्थ नाही.

दुसरी, ते बसवलं डच लोकांवर. सारख्या वयाचे, सारख्या बीएमआयचे युरोपियन आणि आपण घेतले, तर आपल्याकडे चरबी साधारण ३ ते ५ टक्क्यांनी जास्त निघते, म्हणजे २० ची २३ ते २५. याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. काटा आणि उंची दोघांना एकच माणूस समजत होती. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही हेच दाखवलं: बाळ वजनाने कमी, हातापायांनी बारीक, पण अंगावरची चरबी त्या मानाने शाबूत. आपल्या लोकांची ठेवण जन्मापासून अशी ‘बारीक पण चरबीदार’ असते. मेहनत सुटली आणि बैठं काम लागलं की ती पोटावर दिसते.

तिसरी खोड सगळ्यात मोठी, आणि तुमच्या घरातच ती दिसते. सूत्राला मांस आणि चरबी यातला फरक कळत नाही. भावाची उंची १.६८ मीटर, वजन ७४, बीएमआय २६.२. सूत्राने चरबी येते २२ टक्के, तुमच्यापेक्षा जास्त. आता गठाणीला रोज खांदा देणारा माणूस आणि गल्ल्यावर बसणारा माणूस शेजारी उभे करा आणि कोणाचं पोट पुढे आहे ते बघा. भावाचे जादा किलो मांड्या, पाठ आणि खांद्यांतले असू शकतात. सूत्र ते चरबीच्या खात्यात टाकतं.

आईच्या बाबतीत याच्या उलट. १.४७ मीटर उंची धरली तर बीएमआय २०.४, एकदम ‘नॉर्मल’. पण सूत्र काय म्हणतं बघा: २०.४ चे २४.५, वयाचे १४.३, त्यातून ५.४ गेले, उरले ३३ टक्के. तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा चरबी. तुम्ही लिहिलंत ‘अंगावर मांस नाही’, ते अक्षरशः बरोबर आहे. मांस नाही, चरबी आहे. वय वाढतं तसं मांस झडतं, त्याची जागा चरबी घेते आणि काटा तिथेच राहतो. साखर रिचवण्याचं मोठं काम मांसच करतं, म्हणून ४४ किलोच्या बाईलाही मधुमेह होतो. मात्र गेल्या काही महिन्यांत तिचं वजन घटत आलं असेल, तर तो साखरेचाच परिणाम असू शकतो. त्यात टक्केवारी काढत बसू नका, साखर आटोक्यात आहे का ते आधी बघा.

‘ओव्हरवेट’ आणि ‘नॉर्मल’ कुठून येतं तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण रेघ २५ वर आहे आणि बरीच ॲप तीच वापरतात. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी एकमताने खालच्या रेघा ठरवल्या: १८ ते २२.९ ठीक, २३ ते २४.९ जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. या रेघेने तुमचे २३.५ ‘नॉर्मल’ नाहीत. आणि तुमचा भाऊ तर थेट ‘लठ्ठ’ ठरतो, म्हणजे रेघ आपली केली तरी तिसरी खोड जात नाही.

आता जिमच्या काट्याचे २७. काट्यावर आकडा उमटला की तो मोजलेला आहे असं वाटतं, म्हणून याबद्दल जरा सविस्तर. तो काटा एका तळपायातून बारीकसा वीजप्रवाह सोडतो आणि दुसऱ्या तळपायातून परत घेतो. पाणी असलेल्या मांसातून वीज सहज जाते, चरबीतून अडते. अडथळा किती झाला त्यावरून अंगातलं पाणी काढतात, पाण्यावरून मांस, आणि वजनातून मांस वजा केलं की उरली ती चरबी. यात गोम अशी की प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. ज्या पोटाबद्दल तुम्हाला शंका आहे तिथे तो जेमतेम पोचतो. उरलेलं काटा कशावरून भरतो? तुम्ही सुरुवातीला टाकलेल्या उंची, वय, स्त्री-पुरुष आणि त्याने घेतलेल्या वजनावरून. म्हणजे तुम्हाला वाटतं दोन साक्षीदार आले, पण दुसराही बराचसा पहिल्याचंच ऐकून बोलतोय. पडताळा घ्यायचा असेल तर त्याच काट्यावर लागोपाठ दोनदा उभे राहा, दुसऱ्यांदा उंची १६५ ऐवजी १७० टाका. अंग तेच, पाय तेच, आणि चरबी खाली आलेली दिसेल.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. काट्याचा हिशेब असा की मांसात ७३ टक्के पाणी असतं. मे महिन्यात दुपारी शेतातून किंवा मोटरसायकलवरून ४५ अंशांतून आलात, लिटरभर घाम गेलेला आहे, तर काट्याला ते पाणी कमी दिसतं. तो ते मांसच कमी आहे असं समजतो आणि चरबी वर ढकलतो. तुमच्या वजनाला गणिताने साधारण एक टक्का. बरं, आल्याआल्या माठातलं लिटरभर पाणी प्यालात आणि लगेच चढलात, तर ते पाणी अजून पोटातच आहे. अडथळा तेवढाच, वजन मात्र एक किलोने वाढलं. तो किलोही चरबीत जमा. पुन्हा एक टक्का. घाम गाळला तरी वाढ आणि पाणी प्यालं तरी वाढ. शिवाय तळव्यांना भेगा असतील, कातडी जाड आणि कोरडी असेल तर तिथेच अडथळा वाढतो. अनवाणी किंवा स्लिपरवर वावरणाऱ्या आपल्या लोकांत हे नेहमीचं आहे. ओल्या फडक्याने तळपाय पुसून मगच काट्यावर उभं राहावं. काटा वापरायचाच असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, दर वेळी तोच काटा. आजचा आकडा आणि तीन महिन्यांनंतरचा आकडा यांची तुलना चालेल. एकट्या २७ ला फार किंमत देऊ नका. हृदयात पेसमेकर असलेल्याने अशा काट्यावर चढायचंच नाही.

मग पडताळा कशाने घ्यायचा? माझं मत विचाराल तर शिंप्याच्या टेपने. दहा-वीस रुपयांची टेप पोटाभोवती फिरवली की उंची-वजनाला जे दिसत नाही ते बरंचसं दिसतं, कारण नुकसान करणारी चरबी पोटाच्या आत, यकृत-आतड्यांभोवती बसते. पण ती टेप नीट लावायला हवी, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच.

पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पॅन्ट पोटाच्या खाली बांधली जाते, आणि पोट वाढतं तसतशी ती खाली सरकते. नंबर ३४ चा ३४ च राहतो आणि माणूस खूश. स्त्रियांत परकराची नाडी जिथे बसते तीही मोजायची जागा नाही. जागा अशी शोधा: बाजूला हात लावून सगळ्यात खालची बरगडी चाचपा. मग त्याच रेषेत खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करा, दोन्ही बाजूंना. टेप त्या खुणांवरून फिरवायची. कपडा बाजूला करून, अंगावर. टेप मागे पाठीवर खाली उतरलेली नको, जमिनीला समांतर हवी. मागून कोणीतरी बघितलं तर बरं. पाय थोडे फाकवून उभं राहा, हात सैल, श्वास नेहमीसारखा घ्या, सोडा, आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. टेप टेकलेली हवी, रुतलेली नको. पोट आत ओढायचं नाही. टेप दिसली की माणूस आपोआप ओढतो, म्हणून दोन-तीन श्वास होऊ द्या. दोनदा मोजा. दोन्ही आकड्यांत सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. जुनी कापडी टेप ताणून लांब झालेली असते. लोखंडी पट्टीवर ३० सेंटिमीटर जुळवून बघा, आणि नसेल जुळत तर फेकून द्या.

भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० ही रेघ. इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. दुसरी खूण म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी. टेप मिळाली नाही तर डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी मापून कापा, दुमडून निम्मी करा आणि खुणेच्या जागी पोटाभोवती फिरवा. टोकाला टोक पोचलं तर ठीक, मध्ये अंतर पडलं तर पोट जास्त. नायलॉनची दोरी नको, ती ताणते. आईसारख्या ठेंगण्या बाईला दोन्ही खुणा वेगळं सांगू शकतात: ८० च्या आत असेल, पण निम्म्या उंचीच्या म्हणजे साडेत्र्याहत्तरच्या वर. साखर आधीच निघालेली असताना मी कडक खूण धरीन.

कंबरेवरून टक्केवारी काढायचंही सूत्र आहे, २०१८ सालचं. उंचीला कंबरेने भागा (दोन्ही सेंटिमीटरमध्ये), २० ने गुणा, आणि पुरुष असेल तर ६४ मधून, स्त्री असेल तर ७६ मधून वजा करा. समजा तुमची कंबर नीट मोजल्यावर ९३ भरली. १६५ भागिले ९३ म्हणजे १.७७, वीसपट ३५.५, उत्तर २८.५ टक्के. भावाची समजा ८२ भरली: १६८ भागिले ८२ म्हणजे २.०५, वीसपट ४१, उत्तर २३. बघा, क्रम उलटला. उंची-वजन म्हणत होतं भाऊ जास्त चरबीचा, कंबर म्हणते तुम्ही. हे सूत्र अमेरिकेतल्या मोठ्या माणसांच्या मापांवर बसवलेलं आहे, तेव्हा २८.५ हाही अंदाजच. पण दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे झाले तरी उत्तर एका टक्क्याच्या आतच हलतं, आणि ते निदान पोटाकडे बघून दिलेलं असतं. भारतातल्या अभ्यासांत पुरुषाला २५ टक्क्यांच्या वर आणि स्त्रीला ३० च्या वर चरबी म्हणजे जास्त, असं साधारण धरतात.

उंची-वजनाचे आकडेच चुकीचे टाकले जातात, त्याबद्दल. सगळ्यात मोठी गफलत फूट आणि दशांशाची. पाच फूट पाच इंच म्हणजे ५.५ फूट नव्हे. ५.५ फूट म्हणजे पाच फूट सहा इंच, १६७.६ सेंटिमीटर. तुम्ही ॲपमध्ये ५.५ टाकलं असतं तर तुमचा बीएमआय २३.५ ऐवजी २२.८ आला असता, रेघेच्या आत. पाच फूट दहा इंच वाला ५.१० टाकतो, आणि ॲप ते ५.१ फूट समजून त्याला १५५ सेंटिमीटरचा करून टाकतं. चांगला सडपातळ पोरगा एका फटक्यात लठ्ठ. म्हणून इंच एकूण करा (५ गुणिले १२ अधिक ५ म्हणजे ६५), २.५४ ने गुणा आणि सेंटिमीटरच टाका.

भरतीच्या फॉर्मवरची किंवा शाळेच्या दाखल्याच्या वेळची उंची घेऊ नका, मोजा. भिंत सरळ हवी. मातीच्या किंवा पोपडे धरलेल्या भिंतीपेक्षा दाराची चौकट बरी. चप्पल काढून, टाचा, ढुंगण आणि पाठ टेकवून उभं राहायचं, नजर समोर, हनुवटी वर नाही. स्त्रियांनी अंबाडा सोडायचा. डोक्यावर सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याची वही भिंतीला काटकोनात टेकवून खूण करायची, आणि खालपासून गवंड्याच्या स्टीलच्या टेपने मोजायचं. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. आईची पाठ वाकली असेल तर आजची उंची कमी भरते आणि बीएमआय फुगतो. मग दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा. तो वाव साधारण तिच्या जुन्या उंचीएवढा असतो.

वजनाचा काटा कडक फरशीवर ठेवा. शेणाने सारवलेल्या जमिनीत त्याचे पाय रुततात आणि आकडा बिघडतो. तिथे जाड फळी टाका. काटा खरा आहे का हे बघायला युरियाची न फोडलेली ४५ किलोची बॅग ठेवून बघा, पोत्याच्या वजनापुरता थोडा फरक सोडून द्या. किराण्यात तुमच्याकडे वैधमापन खात्याच्या शिक्क्याची मापं असतीलच, ती तर आणखी चांगली.

इथवरचं एकत्र घेऊन तुमच्याबद्दल सांगायचं तर ॲपचे २० कमी आहेत, जिमचे २७ योगायोगाने जवळपास असतील. माझा अंदाज २४ ते २८ च्या मध्ये कुठेतरी. तो आणखी बारीक करून तुमचा फायदा नाही. डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी जास्त खात्रीचा आकडा देते, पण त्यासाठी तुम्ही मोठ्या शहरात जाऊन पैसे घालवावेत असं मला कारण दिसत नाही. त्या आकड्याने तुमचं पुढचं काम बदलणार नाही.

ते काम असं. कंबर ९० च्या वर भरली तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी तपासून घ्या. तुमचं वय तिशीच्या पुढचं आहे, शिवाय आईला मधुमेह. गावातल्या उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची रक्तदाब-साखरेची तपासणी होते, आणि आशाताई जो फॉर्म भरतात त्यात कंबरेचं माप विचारलेलंच असतं. घरात किंवा नात्यात कोणाला सिकलसेल असेल तर ते तिथे आवर्जून सांगा, आपल्या भागात ते कमी नाही. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी खरी साखर असते त्यापेक्षा कमी दाखवू शकते. तिथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच बघावी.

घरात लहान मुलं असतील तर यातलं एकही सूत्र किंवा रेघ त्यांना लावू नका. त्यांची मापं वयाप्रमाणे वेगळ्या तक्त्यावर बघतात, अंगणवाडीत तो असतो. गरोदर बाईलाही लावू नका, आणि ज्याच्या पायांवर, तोंडावर सूज आहे त्यालाही नाही. त्याच्या काट्यावर पाणी चढलेलं असतं.

पुढची नोंद वहीत ठेवा, महिन्यातून एकदा, सकाळीच: वजन आणि कंबर, दोनच रकाने. कंबरेत सेंटिमीटरभराचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचा असू शकतो, दोनच्या वर गेला तर खरा माना. वजन तेच राहून कंबर उतरली तर चरबी जाऊन मांस आलं असं समजा आणि काट्यावर रागावू नका. तुलना करताना हंगाम बघा. वेचणीच्या दिवसांत माणूस वाळतो, लग्नसराईत भरतो, म्हणून यंदाची दिवाळी मागच्या दिवाळीशी लावा. भावाची कंबर निम्म्या उंचीच्या म्हणजे ८४ च्या आत असेल तर त्याला वजन उतरवायला सांगू नका. मात्र जिनिंगचा हंगाम संपून हमाली थांबते आणि जेवण तेवढंच राहतं, तेव्हा त्याची कंबर दर महिन्याला मोजा.